टणटणमामा आणि सुटण्याचे शब्द

तुरुंगात दोन प्रकारची माणसं असतात, आतली आणि बाहेरची, असं लोक समजतात. टणटणमामांच्या लेखी एकच प्रकार होता, लबाड. कैदी लबाड, शिपाई आळशी आणि वर लबाड, दूधवाल्याचं तर नावच काढायला नको. घरी बायकोनं कलिंगड आणलं की मामा ते चारी बाजूंनी ठोकून बघायचे. ती म्हणायची, "अहो, सरळ कापा की. आत कुणी दडून बसलेलं नाही."

मामांचं हे नाव अर्थातच कैद्यांनी ठेवलेलं. रोज संध्याकाळी पाच वाजता, माणसं मोजून कोठड्यांत गेली की मामा लाकडी मोगरी घेऊन निघायचे आणि प्रत्येक दाराचा, प्रत्येक खिडकीचा गज न् गज ठोकायचे. चारशे बारा गज. धड गज टणकन वाजतो. करवतीनं आतून कापत आणलेला, खाचेत साबण आणि काजळी भरलेला गज डब्ब वाजतो. डोळ्यांना फसवता येतं, पण लोखंडाला खोटं बोलता येत नाही, हे मामांचं आवडतं वाक्य. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि एकतीस वर्षांत त्यांच्या पहाऱ्यातून चिटपाखरूही बाहेर गेलं नव्हतं.

त्याला कारण होतं. मामांचे वडीलही तुरुंगातच शिपाई होते. त्यांच्या पाळीत एक कैदी पळाला. एकच, आणि तोही आठ दिवसांत सापडला. नोकरी गेली नाही, पण वडील पुढं पंचवीस वर्षं जगले ते खाली मान घालून. लग्नाकार्यात कुणीतरी हसत विचारायचंच, "काय हो, दार लावून आलात ना?" मामा तेव्हा शाळेत जात होते. त्यांनी मनाशी गाठ बांधली की हे आपल्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. आता निवृत्तीला चार महिने राहिले होते. तेवढे कोरे गेले की गंगेत घोडं न्हालं.

पण एक पाणी मुरत होतं, आणि ते फक्त बायकोला ठाऊक होतं. मामांना ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग माणसांची बोलणी. गजाचा टण कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. बायको म्हणाली, कानाला यंत्र लावून घ्या. मामा म्हणाले, गज ठोकणाऱ्याच्या कानात यंत्र दिसलं तर दुसऱ्या दिवशी मोगरी दुसऱ्याच्या हातात जाईल. मग त्यांनी मूठ सैल धरायला शिकून घेतलं. धड गज मारला की मनगटापर्यंत बारीक झिणझिण येते, तिच्यावर ते भागवत होते. तिच्यावर पुरता भरवसा होता का? नव्हता.

आणि बहिऱ्या माणसाचा संशय फार वाईट. दोघं बोलताना दिसले की बोलणं आपल्याबद्दलच आहे आणि कुणी हसलं तर आपल्यालाच, असं मामांना वाटायचं. आधी ते संशयी होतेच. आता आगीत तेल पडलं. भिंतीला कान असतात म्हणतात, मग भिंतीलाच ठेवावं पहाऱ्याला, असं ते बायकोपाशी कडवटपणे म्हणायचे.

सगळ्या तुरुंगात एकाच माणसाचं बोलणं मामांना स्वच्छ कळायचं, ते म्हणजे किटलीवाल्याचं. हा बारा वर्षांपासून आत असलेला जुना कैदी. ऑफिसात आणि पहाऱ्यावरच्या शिपायांना चहा नेऊन देणं हे त्याचं काम, म्हणून त्याची कोठडी स्वयंपाकघराला लागून, एकट्याची. बोलायचा तो घसा ताणून, खणखणीत. संध्याकाळी मामा त्याच्या खिडकीशी आले की तो कप पुढं करायचा. "घ्या मामा, गरम आहे! आमचे गज काय, ठणठणीत!" मामा चहाचा घोट घेत एखाददुसरा गज ठोकायचे आणि पुढं जायचे. माणूस मनाचा मोकळा, आत एक बाहेर एक नाही, असं त्यांचं मत झालं होतं. मामांनी कुणाबद्दल चांगलं मत करून घेणं ही दुर्मिळ गोष्ट होती.

अशात तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. बाहेरच्या मंडळाची परीक्षा, आणि पास होणाऱ्याला शिक्षेत साठ दिवसांची सूट. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई येऊ लागल्या. काठीसारख्या बारीक, पण आवाजाला धार. पहाऱ्याला मामा. ते मागच्या स्टुलावर बसायचे. बाईंचे ओठ हलताना दिसायचे, फळ्यावर खडू चालताना दिसायचा, आणि वीस लबाड माणसं एकदम माना डोलवताना दिसायची. ऐकू काही यायचं नाही.

एक दिवस बाईंनी फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला मराठीत लिहिलं 'जमणं', दुसऱ्या बाजूला 'सुटणं', आणि दोन्हीखाली इंग्रजी शब्दांची रांग. 'सुटणं' वाचून मामा ताठ झाले. त्यांनी ती अक्षरं चित्र काढावं तशी खिशातल्या डायरीत उतरवून घेतली आणि घरी सुनेपुढं धरली. सून शाळेत शिकवायची. ती पोळ्या लाटता लाटता मोठ्यानं वाचायला लागली, कारण बाबांशी बोलायचं म्हणजे मोठ्यानं, हे तिला सवयीनं माहीत झालेलं, का ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

"हे इंग्रजीतलं जोडकाम आहे बाबा. साधं क्रियापद घ्यायचं आणि त्याला एक छोटं शेपूट लावायचं, की अर्थ बदलतो. ब्रेक आउट म्हणजे तुरुंग फोडून पळणं. स्लिप आउट म्हणजे कुणाला न कळता सटकणं. रन ऑफ, पळून जाणं. आणि ही दुसरी बाजू. पुल ऑफ, अवघड काम तडीस नेणं. गेट बाय, कसंबसं भागवणं. पुल थ्रू, संकटातून निभावून जाणं."

"म्हणजे एका बाजूला पळायचं, आणि दुसऱ्या बाजूला ते कसं जमवायचं," मामा म्हणाले. "हा अभ्यास आहे की नकाशा?"

दुसऱ्या दिवशी मामा साहेबांपुढं उभे. साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी बाईंना बोलावलं. बाई मामांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या, "इंग्रजांनी पळायचे इतके शब्द करून ठेवले त्याला मी काय करू? दहा मार्कांना येतात. तुम्ही म्हणत असाल तर मी फक्त बसायचे आणि थांबायचे शब्द शिकवते, मग तुमचे सगळे नापास." मामा गप्प बसले. पण गप्प बसलेला मामा जास्त वाईट, हे कुणालाही विचारा.

त्यात किटलीवाल्यानं काडी टाकली. कप हातात देत तो म्हणाला, "मामा, मी उगीच कुणाचं नाव घेणार नाही! पण तो सुतार सारखा लिहीत असतो! तुमच्याकडे बघतो आणि लिहितो! लक्ष ठेवा!"

सुतार नऊ वर्षांपासून आत होता. भांडणात हातून माणूस गेला, तो दिवस आणि आजचा दिवस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कारखान्यात स्टुलं आणि खिडक्यांच्या चौकटी करायचा. आई गावी अंथरुणाला खिळली होती आणि ती आहे तोवर घरी पोचायचं, एवढ्यासाठी तो त्या साठ दिवसांच्या मागं लागला होता, हे सगळ्या बराकीला माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. पण आई आजारी असली की माणूस पळतोच, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. शिवाय दिवसभर करवत हातात असलेला माणूस! आणि बघायचाही तो नेमका. संध्याकाळी मामा त्याचे गज ठोकायला लागले की तो तोंडाकडे नाही, मामांच्या मनगटाकडे बघत राहायचा. एकदा त्याचे ओठ हलले. मामांनी विचारलं, "काय म्हणालास?" त्यानं मान हलवली. काही नाही. मामांनी मनाशी म्हटलं, याला कळलंय. याला कळलंय की मामा बहिरा, आणि आता हा गज कापणार.

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारच्या वर्गात बाईंनी फळ्यावरचे शब्द वापरून आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल दहा वाक्यं लिहायला सांगितली, तपासायला नाही, नुसती सरावासाठी. मामा रांगेतून फिरत होते. ते जवळ येताच सुतारानं वहीवर पंजा ठेवला. बस्स, चोराच्या मनात चांदणं. मामांनी वही खेचून घेतली. सुतार उभा राहिला, त्याचा चेहरा पांढराफटक झालेला. तो काहीतरी भराभर बोलला, पण मामांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

"पळायचा बेत आहे साहेब," त्यांनी ऑफिसात सांगितलं. साहेब फोनवर होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी आधी वही मागितली असती. पण एकतीस वर्षांत या माणसाचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता. त्यांनी फोनवर हात ठेवून हुकूम दिला: सुताराला एकांत कोठडीत टाका, परीक्षेच्या यादीतून नाव काढा, आणि वही उद्या सकाळी माझ्या टेबलावर. तोवर कुठली वाक्यं वाईट त्यावर खुणा करून ठेवाव्यात, म्हणून मामा वही घरी घेऊन आले.

सून वाचायला लागली. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. मामांकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि पुन्हा मामांकडे. त्या एका नजरेत तिला इतक्या दिवसांच्या मोठ्यानं बोलण्याचा अर्थ लागला. मग ती पुढं वाचलीच नाही. पेन्सिल घेऊन तिनं प्रत्येक इंग्रजी ओळीखाली मराठी लिहिलं आणि वही मामांसमोर सरकवली.

'आमच्या पहारेकरी मामांना आता गजाचा आवाज कळत नाही. ते मनगटावर भागवतात. दोन वर्षं त्यांनी हे निभावून नेलं आहे. त्यांच्या मोगरीची मूठ तुटली तेव्हा मी नवी मूठ बारीक केली, म्हणजे हादरा हातात नीट यावा. मी कुणाला सांगितलेलं नाही. उरलेल्या चार महिन्यांतून ते पार पडोत. ते माझ्यावर संशय घेतात, पण ते त्यांचं काम आहे. मी तुरुंग फोडून पळणार नाही. मी परीक्षा पास होईन आणि पुढच्या दारानं सुटेन. माझी आई तोवर तग धरेल.'

मामांनी ते तीनदा वाचलं. नवी मूठ हातात आली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं, झिणझिण पूर्वीपेक्षा स्वच्छ येत होती. आपलाच सराव वाढला, अशी त्यांनी स्वतःची पाठ थोपटली होती. आता त्यांना लाज वाटली. मग राग आला. "दोन वर्षं गप्प का बसला हा? काय हवंय याला माझ्याकडून?"

बायको त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "काही नको असेल. असतात अशीही माणसं."

"तुरुंगात?"

"मी घरात राहून गप्प बसलेच ना दोन वर्षं? मला काय हवं होतं?"

मामांनी वही मिटली. वही चुलीत टाकावी आणि हरवली म्हणून सांगावं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. चांगला ठाण मांडून बसला. पण वही गेली तर सुतारावरचा ठपका तसाच राहणार आणि परीक्षाही गेली. आणि वही दिली तर मामांचं बिंग फुटणार. मधला मार्ग काढू, असं ठरवून ते सकाळी निघाले.

"साहेब, माझी चूक झाली," ते म्हणाले. "वहीत काही नाही. त्याला सोडा."

साहेबांनी चष्मा काढला. "काल बेत होता, आज काही नाही? एका रात्रीत काय झालं मामा? कुणी धमकी दिली? कुणी काही हातावर ठेवलं?"

एकतीस वर्षं मामांनी लोकांकडे ज्या नजरेनं बघितलं होतं, तीच नजर आता त्यांच्यावर रोखलेली होती, आणि ती कशी टोचते ते त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पान वाचलं. उठून खिडकीपाशी गेले, बाहेर बघत उभे राहिले. पाठमोरेच. मामा ताटकळत राहिले. मग काहीतरी उत्तर द्यायला हवं असं वाटून म्हणाले, "हो साहेब."

साहेब वळले. त्यांनी कागदावर लिहून कागद पुढं केला. 'मी तीन वेळा विचारलं, गजांची खात्री देता का.'

मामांनी कागद वाचून खाली ठेवला. "नाही देत," ते म्हणाले. "सांगता येत नाही साहेब. दोन वर्षं मी अंदाजानं मारतोय. सुताराचा यात काही दोष नाही."

त्याच दिवशी मोगरी त्यांच्या हातून गेली. चांगल्या कानाचे दोन तरणे शिपाई निघाले, एक ठोकायला आणि एक गजाला कान लावायला, सगळे गज नव्यानं तपासायला. सुताराला एकांतातून बाहेर काढलं, यादीत नाव पुन्हा चढवलं. मामांना परीक्षेच्या खोलीवर नेमलं. तिथं ऐकायचं काही नसतं. दोन दिवस ते बाकं मांडत होते आणि खिडकीतून त्या दोघांकडे बघत होते. हात वर जाई, मोगरी गजावर पडे, दुसरा मान डोलवे. एकही गज कापलेला निघाला तर वडिलांच्या जोडीला आपण, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी सकाळी परीक्षार्थी अंगणात रांगेत उभे राहिले आणि तिकडं स्वयंपाकघराकडे धावपळ झाली. मामाही धावले. किटलीवाल्याच्या खिडकीचा तिसरा आणि चौथा गज डब्ब वाजला होता. शिपायानं नखानं साबण खरवडला तर खाच चारातले तीन हिस्से आत गेलेली. अजून आठवडाभरात काम फत्ते झालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मामांनी खाचेत नख घालून बघितलं. अख्खं नख आत गेलं.

साहेब त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाले, "तुम्ही परवा खरं बोलला नसता, तर हा गेला असता मामा. पळाला नाही. तुमची एकतीस वर्षं शाबूत आहेत." मामांनी मान हलवली. ज्या वाक्यासाठी त्यांनी जन्म घालवला होता ते ऐकून त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना फक्त दोन वर्षं त्या खिडकीशी घेतलेला चहा आठवत होता.

किटलीवाल्याला बेड्या घालून अंगणातून नेलं. मामांच्या जवळून जाताना तो थांबला, त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलला. पहिल्यांदाच हळू, ओठ जेमतेम हलवून. एक अक्षर कळलं नाही. सोबतचा शिपाई चरकला आणि त्यानं त्याला पुढं ढकललं.

"काय म्हणाला तो?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा," शिपाई म्हणाला आणि त्यानं नजर चुकवली.

मामा रांगेकडे वळले. सुतार तिथंच उभा होता, दोन पावलांवर, हातात पेन. त्यानं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तू सांग."

सुतारानं आधी शिपायाकडे बघितलं. मग तोंड नीट त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तो म्हणाला, दोन वर्षं या बहिऱ्यासाठी ओरडून घसा फाटला माझा. सगळं फुकट गेलं."

मामांचे डोळे भरून आले. भर अंगणात, वीस कैद्यांसमोर, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. माणूस मोकळ्या मनाचा म्हणून ज्याच्यावर जीव टाकला, तो मोठ्यानं बोलत होता ते एवढ्यासाठीच. आणि ज्याचं बोलणं कधी ऐकू आलं नाही, त्यानं मूठ बारीक करून दिली होती.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "जा, पेपर लिही. आई वाट बघत असेल."

सुतार आत गेला. किटलीवाल्याला पोचवून तो शिपाई परत आला होता, त्याला हटकून खरं-खोटं करून घेणं सहज जमलं असतं. मामांनी विचारलं नाही. त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या स्टुलावर बसले.